कोथरूड ते कल्याणीनगर, रोजचं: स्कूटर, बस की मेट्रो?

पुण्यात आमच्या ऑफिसात नवीन कुणी जॉइन झालं की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच, की गाडी घेऊ का मेट्रोने येऊ. विचारणारा बहुतेक वेळा कोथरूड, कर्वेनगर नाहीतर बावधनकडचा असतो आणि ऑफिस कल्याणीनगर, विमाननगर, खराडी या पट्ट्यात, म्हणजे रोज अख्खं शहर आडवं कापायचं. माझे तिन्ही प्रकार करून झालेत, स्कूटरने तर कित्येक वर्षं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. पहिली गाडी कितीची, शेवटची कितीची, कुठली स्कूटर किती अ‍ॅव्हरेज देते हे सगळं मोबाईलवर सापडतं, ते इथे शोधू नका.

पैशांचं आधी उरकून टाकू कारण त्यात फार दम नाही. नुसतं पेट्रोल धरलं तर स्कूटर मेट्रोच्या आसपासच पडते, एखाद वेळेस स्वस्तच. सर्व्हिसिंग, टायर, इन्शुरन्स, बॅटरी हे धरायला पाहिजे खरं, पण ते धरतं कोण, मी पण कधी धरलं नाही. मेट्रोचं जास्तीत जास्त तिकीट ३५ रुपये आहे आणि शनिवार-रविवारी ३० टक्के सूट. बसचं किमान भाडं जून २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं, तेव्हापासून लांबच्या अंतराला बस आणि मेट्रोत म्हणावा तसा फरक उरलेला नाही. थोडक्यात पैशांकडे बघून ठरवायला गेलात तर नाणं उडवल्यासारखंच होईल.

वेळेचं म्हणाल तर स्कूटर जिंकते. मी मयूर कॉलनीत राहतो, स्कूटरने पाऊण तासाच्या आत पोचायचो, मेट्रोने घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत जवळजवळ तासभर जातो. हे आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचं वाचून म्हणाल मेट्रोवाल्याने पैसे दिलेत.

स्कूटर पुण्यात इतकी का, याचं उत्तर लोक पुणेकरांच्या स्वभावात शोधतात, की आपल्याला कुणासाठी थांबायला आवडत नाही, रांग आवडत नाही, वगैरे. असेलही थोडंफार. पण मला विचाराल तर शहर ज्या पद्धतीने पसरलं त्यात ते जास्त आहे. एकेकाळी हे सायकलींचं शहर होतं कारण अंतरंच सायकलीची होती, पेठेत घर आणि डेक्कनला नाहीतर कॅम्पात काम. मग कोथरूड वाढलं, कर्वेनगर वाढलं, पुढे आयटी आलं ते बरोबर विरुद्ध टोकांना, हिंजवडी एकीकडे, खराडी दुसरीकडे. घरं ज्यांनी मंजूर केली त्यांनी नोकऱ्या कुठे येणार हे धरलं नव्हतं आणि नोकऱ्या जिथे आल्या तिथे बस कशी जाणार हे कुणीच धरलं नव्हतं. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवती एचसीएमटीआर म्हणून एक वर्तुळाकार मार्ग आखला होता, सार्वजनिक वाहतुकीसाठी, त्याची रेघ नकाशावर तशीच राहिली आणि आजूबाजूला सोसायट्या उभ्या राहिल्या. अशा वेळी माणूस काय करणार, गाडी घेणार. त्यात बजाजचा कारखाना आकुर्डीला, कायनेटिकवाले पण पुण्याचेच, ईएमआय सोपा. २०१८ साली आरटीओच्या नोंदीतली वाहनं शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेली, ३६ लाखांच्या वर, आणि त्यात बहुतांश दुचाकी. पुणेकरांनी दुचाकी निवडली असं म्हणतात, पण निवडीला दुसरं होतं काय हो.

आणि एक गोष्ट स्कूटरच्या बाजूने मनापासून सांगावीशी वाटते. मेट्रो काय, बस काय, आखणारे नेहमी असं धरून चालतात की माणूस सकाळी घरातून निघतो, ऑफिसला जातो, संध्याकाळी परत येतो. आमच्या घरात असं फक्त माझं आहे. बायकोचा रस्ता म्हणजे मुलीला क्लासला सोड, तिथून बँक, मग आईंचं औषध, मग तिचं काम, येताना भाजी, परत क्लास. यातला प्रत्येक टप्पा दीड-दोन किलोमीटरचा आणि एकही मेट्रोच्या रेषेवर नाही. तोंडाला स्कार्फ बांधून अ‍ॅक्टिव्हावर निघालेल्या बायकांवर विनोद करणं सोपं आहे, पण या शहरात बायकांना स्वतःच्या वेळेने हिंडता आलं ते त्या गाडीमुळे, कुठल्या प्लॅनमुळे नाही. म्हणून आमची स्कूटर विकलेली नाही, ती आता बायकोकडे असते. तुमचा दिवस असा तुकड्यातुकड्यांचा असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, गाडी घ्या. (हेल्मेटसकट. या विषयावर पुण्यात वाद घालायची माझी इच्छा नाही, पण घ्या.)

बसचं थोडक्यात. बस जिथे जिथे जाते त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मेट्रो अजून जात नाही, हे पहिलं. वारजे, धायरी, कात्रज, कोंढवा, विश्रांतवाडी, सगळीकडे जाते आणि ज्यांना गाडी परवडत नाही किंवा चालवता येत नाही त्यांचं शहर बसवरच चालतं. अडचण अशी की शहर आडवं कापताना बस त्याच कोंडीत अडकते ज्यात आपण अडकतो, वर तिला फटीतून निघता येत नाही. आणि स्टॉपवर अर्धा तास काही नाही, मग एकाच नंबरच्या दोन बस पाठोपाठ, हा जो प्रकार असतो ना, त्यात दर वेळी ड्रायव्हरचा दोष नसतो. पहिली बस सिग्नलला थोडी रखडली की पुढच्या स्टॉपवर जास्त लोक जमलेले असतात, ते चढेपर्यंत ती आणखी रखडते, मागच्या बसला मात्र स्टॉप रिकामे मिळतात म्हणून ती पळते आणि पहिलीला गाठते. जगात कुठेही मोकळ्या मार्गिकेशिवाय बस चालवली की हे होतंच. त्याच्यावर इलाज म्हणून तर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, आणली होती, २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर, देशात पहिली म्हणून केवढा गाजावाजा. पुढे नगर रोडवर पण केली. मग बसची लेन रिकामी दिसते आणि आपण मात्र अडकलोय हे लोकांना बघवेना, दुचाक्या आत घुसायला लागल्या, आणि शेवटी नगर रोडवरची ती मार्गिका उखडूनच टाकली. आमच्या नेमक्या याच रस्त्यावर बसला जो फायदा मिळाला असता तो असा गेला. म्हणून कोथरूड ते कल्याणीनगर रोज बसने जा असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. कोथरूड ते डेक्कन, डेक्कन ते स्वारगेट अशा छोट्या अंतराला मात्र मी अजून बसच पकडतो.

आता राहिल्या दोघी, स्कूटर आणि मेट्रो.

मेट्रोचा वनाज ते गरवारे हा पहिला तुकडा मार्च २०२२ ला सुरू झाला तेव्हा मी पण घरच्यांना घेऊन जॉयराइड करून आलो आणि विसरून गेलो, कारण पाच किलोमीटरच्या मेट्रोचं करायचं काय. ऑगस्ट २०२३ ला ती रुबी हॉलपर्यंत गेली, मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत, आणि तिथे हिशोब एकदम बदलला. वाहतुकीत हे फार गमतीशीर आहे, मेट्रोचा अर्धा मार्ग अर्धा उपयोगी नसतो, जवळजवळ निरुपयोगीच असतो, आणि शेवटचं एक टोक जोडलं की सगळाच्या सगळा कामाला येतो. सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग चालू झाला त्याने तर माझी खरेदीच बदलली. पूर्वी कामाच्या दिवशी मंडईत जायचा विचारसुद्धा करायचो नाही, आता ऑफिसातून येताना सिव्हिल कोर्टला बदलायचं, दोन स्टेशनांवर मंडई, पिशवी भरायची आणि परत. फक्त सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची असेल तर वेळ हाताशी ठेवा, आपली वनाज-रामवाडी गाडी वर खांबांवर आणि पिंपरी-स्वारगेट जमिनीच्या ३३ मीटर खाली, सरकत्या जिन्यांवर जिने. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन जाताय तर सरळ लिफ्ट शोधा.

मेट्रोतल्या वाईट गोष्टी आहेतच. गाडीत बसून जातो तो वेळ काहीच नाही, खरी दमछाक दोन्ही टोकांना. आयडियल कॉलनी स्टेशन माझ्या घरापासून दहा-बारा मिनिटं आणि उतरल्यावर ऑफिस साधारण तेवढंच. कागदावर हे छान वाटतं. प्रत्यक्षात फुटपाथ नावाचा जो प्रकार आहे त्यावर मध्येच विजेचा डबा, मध्येच उखडलेले ब्लॉक, मध्येच वडापावची गाडी आणि ज्यांना फुटपाथ पार्किंग वाटतो त्यांच्या गाड्या, त्यामुळे अर्धं अंतर रस्त्यावरूनच चालावं लागतं, मागून हॉर्न. पावसाळ्यात तर छत्री, बॅग आणि डबकी असा तिहेरी खेळ. मेट्रोवर एवढे हजारो कोटी खर्च होतात आणि स्टेशनबाहेरच्या दोनशे मीटरचं गणित कुणाच्याच खात्यात बसत नाही, कारण वरचं स्टेशन एकाचं, खालचा रस्ता दुसऱ्याचा, सिग्नल तिसऱ्याचा. चालणाऱ्या माणसाचं खातं कुठलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

एवढं सगळं असून मी मेट्रोकडे का गेलो? ट्रॅफिकमुळे नाही. ट्रॅफिकची सवय होते, खरंच होते, नळ स्टॉपचा दुमजली पूल झाला तेव्हा वाटलं सुटलो, मग कळलं की चौकातली गर्दी पुलाच्या पुढच्या टोकाला सरकलीय, तिची पण सवय झाली. मी गेलो तो पार्किंगमुळे. त्यातही पार्किंग मिळत नाही म्हणून नाही, गाडी लावता यायची, पण बाहेर काढता यायची नाही.

ऑफिसचं बेसमेंट. सकाळी तुम्ही गाडी भिंतीला नीट, सरळ, डबल स्टँडवर लावता. संध्याकाळी साडेसहाला खाली उतरता तेव्हा तुमच्या गाडीपुढे आणखी एक ओळ झालेली असते आणि त्या ओळीपुढे एक आडवी. शेजारच्याचं हँडल तुमच्या हँडलच्या खाली घुसलेलं, आरसा कुणीतरी फिरवून आत वळवलेला, कुणाचा तरी साइड स्टँड तुमच्या फूटबोर्डाला टेकलेला. मग सुरू होतं. बॅग सीटवर ठेवायची, बाह्या वर करायच्या, पहिल्या अ‍ॅक्टिव्हाचं मागचं ग्रॅबरेल धरायचं आणि मागचं चाक उचलून वीतभर सरकवायचं, मग पुढचं हँडल ढकलून वीतभर, लॉक असेल तर ते पण नाही. मग दुसरी. एक कलंडली तर अख्खी ओळ कलंडायची भीती, म्हणून पोटऱ्यांनी टेकू द्यायचा, आणि तेवढ्यात पॅन्टला काळा डाग पडलेला असतो तो घरी गेल्यावर दिसतो. आणि सगळ्यात शेवटी बुलेट. स्कूटर एकट्याने सरकते, बुलेट सरकत नाही. मग सिक्युरिटीच्या काकांना शोधायचं, ते शिट्टी वाजवत मजल्या-मजल्यावर एमएच बारा अमुक अमुक कुणाची म्हणून विचारत फिरणार, बुलेटवाला मीटिंगमध्ये. तो आला की हसून सॉरी म्हणणार, चांगला मुलगा आहे, त्याचा काय दोष, त्याला पण जागा नव्हती.

हे रोज. सकाळचे जे पंधरा मिनिटं स्कूटरने वाचवायचो त्यातले बरेचसे संध्याकाळी इथे जायचे, पण वेळेपेक्षा डोकं जायचं. दिवसभर काम करून माणूस घरी निघालाय आणि दुसऱ्यांच्या गाड्या हमालासारख्या उचलतोय. आणि हे ऑफिसपुरतं नाही, डॉक्टरकडे तेच, लग्नाच्या हॉलला तेच, तुळशीबागेकडे जायचं तर आज पी वन का पी टू, सम तारीख का विषम, गाडी उचलून नेणारा टेम्पो फिरतोय का. गाडी चालवायला अर्धा तास आणि ती कुठेतरी सांभाळून ठेवायचं टेन्शन उरलेला दिवसभर.

बारकाईने बघितलं तर हाही नियोजनाचाच भाग आहे. इमारत मंजूर होताना किती चौरस फुटाला किती दुचाक्या याचा नियम असतो, पण एका ऑफिसात तिप्पट माणसं बसवली की तो नियम बेसमेंटमध्ये कुणी मोजायला येत नाही. रस्त्यावरची जागा बहुतेक ठिकाणी फुकट, मग फुकटची गोष्ट जितकी आहे तितकी भरतेच. २०१८ मध्ये महापालिकेने पे अँड पार्कचं धोरण मंजूर केलं, तेही आधी प्रयोग म्हणून मोजक्या पाच रस्त्यांवर, आणि तरी केवढा गदारोळ झाला, मग ते बारगळलं. मी स्वतः त्या वेळी विरोधातच होतो. आता तेवढी खात्री राहिलेली नाही, पण पैसे द्यायची वेळ आली तर काय म्हणेन सांगता येत नाही.

मेट्रोतून उतरलं की ती गाडी माझी जबाबदारी राहत नाही. बस, एवढंच. संध्याकाळी कुणी म्हणालं चला कॅम्पात जाऊ, तर गाडीचं काय करू हा प्रश्न नाही. पाऊस सुरू झाला तर गाडी ऑफिसला सोडून रिक्षाने जाऊ आणि सकाळी परत रिक्षाने येऊ हे नाही. २०२५ च्या गणपतीत विसर्जनाला मेट्रो रात्रभर चालू होती, लक्ष्मी रोडला उभं राहून मिरवणूक बघितली आणि कुठे गाडी लावलीय हे आठवत पुलाच्या पलीकडे तंगडतोड केली नाही. त्या एका रात्रीसाठीसुद्धा मी मेट्रोला मार्क देईन.

एक सल्ला मात्र पाळा. मेट्रोने जाणारे बरेच जण घरापासून स्टेशनपर्यंत गाडीने जातात, मी पण आधी तेच केलं. त्याने काही सुटत नाही. स्टेशनखाली गाड्यांची जी दाटी असते ती बेसमेंटपेक्षा वाईट, आणि परत संध्याकाळी तेच उचला-सरकवा, फक्त आता वर मेट्रोचं तिकीटही. स्टेशन पंधरा मिनिटं चालण्याच्या आत असेल तरच मेट्रो, त्यापेक्षा लांब असेल तर स्टेशनपर्यंत नेणारी फीडर बस नाहीतर शेअर रिक्षा मिळते का बघा, आणि तेही नसेल तर मग सरळ स्कूटरनेच ऑफिस गाठा, मधलं काही करू नका. सायकल असेल तर उत्तम, मेट्रोत सायकल घेऊन चढता येतं, फक्त गर्दीच्या वेळी लोकांच्या नजरा सहन करायची तयारी ठेवा.

घर अजून भाड्याने घ्यायचं असेल तर माझं मत असं की थोडं भाडं जास्त देऊन स्टेशनजवळ घ्या. बावधनवाल्यांनी आणि वाघोलीवाल्यांनी थोडं थांबायला हरकत नाही, वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या दोन्ही वाढीव मार्गांना केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिलीय, पण मंजुरी आणि गाडी यात पुण्यात किती वर्षं जातात हे तुम्हाला मी सांगायला नको, त्या भरवशावर फ्लॅट बुक करू नका. हिंजवडीवाल्यांचं गणित वेगळं, त्यांची माण ते शिवाजीनगर ही २३ किलोमीटरची लाइन नीट रुळल्यावर ज्याने रोज ये-जा केलीय त्यालाच विचारा, माझा तो रस्ता नाही.

आणि ज्यांची शिफ्ट रात्री उशिरा सुटते, मेट्रो बंद झाल्यावर, त्यांना माझं हे सगळं पुराण उपयोगाचं नाही, त्यांनी गाडीच घ्यावी. फक्त बेसमेंटमध्ये भिंतीकडे लावू नका, रॅम्पच्या बाजूला टोकाला लावा, आणि बुलेट घेणार असाल तर मोबाईल नंबर टाकीवर चिकटवून ठेवा.